देखावा आणि शिवार : शांतिनिकेतनातील कला व वृक्षसंवर्धन

राज्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत जाऊन मुलांना निसर्गचित्र काढावयास सांगितले, तर बहुतेक कागदांवर एकच देखावा उमटतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून वळणे घेत खाली आलेली नदी, काठावर एक झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. रत्नागिरीचे मूल हे चित्र काढते, तसेच जालन्याचे आणि गडचिरोलीचेही काढते. शाळेच्या कुंपणाला लागून उभा असलेला हिवर, बांधावरची बोर, उन्हाळ्यात पेटल्यासारखा दिसणारा पळस यांपैकी काहीही त्या कागदावर येत नाही. मुलांना ही झाडे दिसत नाहीत असे नाही. पण झाड म्हणजे पाहण्याची, निरखण्याची वस्तू आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणि देखावा तर पाठ असतो.

हा प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासापुरता असता, तर त्याचा ऊहापोह येथे करण्याचे कारण नव्हते. परंतु याच मुलाच्या हाती आपण पावसाळ्याच्या प्रारंभी एक रोप देतो आणि त्याने ते जपावे अशी अपेक्षा करतो. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. शासकीय यंत्रणा, शाळा, ग्रामपंचायती व स्वयंसेवी संस्था यांनी त्यासाठी मोठे परिश्रम घेतले. पुढे त्यांपैकी किती रोपे जगली, याची चर्चा विधिमंडळातही झाली. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. खड्डा, रोप, खत आणि पाणी यांचा हिशेब मांडता येतो; ज्याने रोप लावले त्याचे त्या रोपाशी काय नाते जडले, याचा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नसतो. असे नाते हेतुपूर्वक घडविण्याचा एक दीर्घ प्रयत्न आपल्या देशात झालेला आहे. तो बंगालमधील शांतिनिकेतन येथे झाला आणि कला हे त्याचे प्रमुख साधन होते.

मुरमाड माळावरची शाळा

बीरभूम जिल्ह्यातील बोलपूरजवळचा हा माळ मुळात उजाड होता. तांबडी, खडेयुक्त माती आणि पावसाच्या पाण्याने कोरून काढलेल्या घळी हे तेथील भूमीचे रूप. या घळींच्या प्रदेशाला तिकडे ‘खोआई’ म्हणतात. कोकणातील जांभ्याच्या सड्याशी परिचय असणाऱ्या वाचकांना त्या जमिनीच्या रंगाची कल्पना सहज येईल. महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली येथे सुमारे वीस बिघे जमीन कायम पट्ट्याने घेतली, तेव्हा त्या माळावर सातविणीची दोन झाडे होती असे सांगतात. बंगालीत या झाडाला ‘छातिम’ म्हणतात. विश्वभारतीच्या दीक्षान्त समारंभात पदवीधरांना आजही सातविणीची पाने दिली जातात, ती या आरंभाची खूण होय.

रवींद्रनाथांनी १९०१ साली येथे शाळा काढली. वर्ग झाडांखाली भरत. आंब्यांची राई, सालवृक्षांची रांग, बकुळीची वाट अशा ठिकाणांच्या नावांनीच शाळेचा भूगोल ओळखला जाई. मात्र ही सावली आयती नव्हती. मुरमाड माळावर मातीची जोपासना करून, पाणी घालून ती वाढविली गेली. झाडाखाली बसून शिकणे यातील काव्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्यामागील बागकामाची चर्चा तितकी होत नाही.

पाहण्याचे शिक्षण

१९१९ साली येथे कलाभवन सुरू झाले आणि नंदलाल बोस यांनी १९५१ पर्यंत त्याची धुरा वाहिली. त्या काळातील सरकारी कलाशाळांत पाश्चात्त्य पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकविण्याची रीत होती. नंदलालांनी विद्यार्थ्यांना माळावर, संथाळांच्या पाड्यांत आणि बाजारात नेले. ते स्वतः लहान कार्डे जवळ बाळगीत व चालता चालता झाड, बैल, बाजारहाट करणारी बाई, जे दिसेल ते काढीत. अशी कार्डे त्यांनी हजारोंनी केली. झाड काढावयाचे तर आधी त्याचा बांधा कळला पाहिजे, फांदी खोडातून कशी फुटते, पान देठावर कसे बसते, वारा आला की झाडाचा कोणता भाग आधी हलतो, अशी ही दृष्टी होती. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासकही याच गोष्टी पाहतो. फरक इतकाच की, चित्रकाराला एका विशिष्ट झाडासमोर तासभर बसावे लागते आणि तेवढ्या वेळात त्या झाडाशी ओळख होते.

अल्पनेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. अल्पना ही बंगालमधील रांगोळीच. ती कोरड्या चूर्णाऐवजी तांदळाच्या पिठाच्या ओल्या लेपाने काढतात. व्रतवैकल्यांच्या निमित्ताने स्त्रिया ती घराघरांत काढीत. शांतिनिकेतनात या घरगुती कलेला सार्वजनिक उत्सवात स्थान मिळाले आणि तिच्यातील आकृती आसपासच्या पानाफुलांच्या निरीक्षणातून नव्याने घडविण्यात आल्या.

याच शाळेतून बाहेर पडलेले विनोदबिहारी मुखर्जी यांचे एक काम येथे सांगण्यासारखे आहे. त्यांची दृष्टी जन्मापासून अधू होती. एका डोळ्याने तर दिसतच नव्हते. १९४० साली त्यांनी कलाभवनाच्या वसतिगृहातील छतावर बीरभूमचा परिसर रंगविला. मध्यभागी एक तळे आणि त्याच्या चहूबाजूंनी झाडे, माणसे, गुरे, पाखरे, नित्याचे व्यवहार. वर क्षितिज, खाली जमीन अशी नेहमीची मांडणी त्यात नाही. पाहणारा जिकडे तोंड करील तिकडे गाव पसरलेला आणि सर्वांच्या मध्ये पाणी. पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना या मांडणीचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. विनोदबिहारींची दृष्टी पुढे पूर्णपणे गेली.

रोपाची मिरवणूक

१४ जुलै १९२८ रोजी शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा उत्सव झाला. भारत सरकारचा वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला, त्याच्या बावीस वर्षे आधीची ही गोष्ट. रोप सजवून, छत्र धरून, गाण्यांच्या व शंखनादाच्या गजरात मिरवीत आणले गेले. क्षिती, जल, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांची रूपे मुलांनी धारण केली होती आणि प्रत्येकासाठी रवींद्रनाथांनी कविता लिहिली होती. सजावटीची बाजू कलाभवनाकडे होती. या उत्सवात कोणत्याही देवतेची प्रतिष्ठापना नव्हती. मध्यभागी होते ते रोपच. आपल्या सह्याद्रीतील देवराया शतकानुशतके टिकल्या, त्या देवाच्या धाकामुळे व श्रद्धेमुळे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास करून हा मोलाचा वारसा जगासमोर मांडला. परंतु जेथे असा धाक उरलेला नाही, तेथे झाडाभोवती आदर कसा निर्माण करावयाचा, हा प्रश्न रवींद्रनाथांसमोर होता असे म्हणावे लागेल. त्यांनी त्याचे उत्तर गाणे, नृत्य, वेष आणि रंग यांत शोधले.

त्या प्रसंगी त्यांनी ‘बलाइ’ ही नवी कथा वाचून दाखविली. आई नसलेला एक मुलगा काका-काकूंकडे वाढतो. त्याचा जीव गवतात, अंकुरात, झाडांत गुंतलेला. बागेतल्या पायवाटेच्या मधोमध सावरीचे एक रोप उगवते. काका ते उपटू पाहतात; मुलगा विनवण्या करून वाचवितो. झाड वेडेवाकडे वाढते, वाट अडविते, उपयोग काहीच नाही. पुढे मुलगा शिक्षणासाठी सिमल्यास जातो आणि तेथून परदेशी जाण्यापूर्वी काकूला पत्र लिहून आपल्या झाडाचे छायाचित्र मागवितो. तोवर काकांनी झाड तोडून टाकलेले असते. काकू दोन दिवस अन्न घेत नाही.

उत्सवाच्या दिवशी सांगावयाची ही कथा नव्हे, असे एखाद्याला वाटेल. पण तिची निवड किती अचूक आहे ते पाहावे. या कथेत झाडाचे फायदे सांगितलेले नाहीत. सावरीचे ते झाड फळ देत नाही आणि आडवाटेलाही नाही. त्याची किंमत एका मुलाने त्याला पाहिले, एवढ्यावरच उभी आहे. काका दुष्ट नाहीत. ते व्यवस्थापक आहेत. बागेची वाट मोकळी हवी, हा त्यांचा विचार कोणत्याही रस्ता-रुंदीकरणाच्या टिप्पणीत शोभून दिसेल इतका रास्त आहे. फक्त ते झाड कोणाचे तरी आहे, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

रवींद्रनाथांचे निधन ७ ऑगस्ट १९४१ रोजी, बंगाली पंचांगानुसार २२ श्रावणास झाले. तेव्हापासून त्यांच्या पुण्यतिथीला शांतिनिकेतनात वृक्षारोपण होते. दुसऱ्या दिवशी जवळच्या श्रीनिकेतनात हलकर्षण, म्हणजे नांगरटीचा उत्सव होतो.

नांगर आणि भिंत

श्रीनिकेतन ही रवींद्रनाथांची ग्रामपुनर्रचना संस्था. इंग्रज शेतीतज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साह्याने ती १९२२ साली सुरूल या गावी उभी राहिली. हिवताप, कर्ज, जंगलतोड आणि मातीची धूप हे तेथील रोजचे विषय. जमिनीतून जेवढे काढून घेतो तेवढे तिला परत न देणे ही लूट आहे, असा विचार एल्महर्स्ट यांनी त्याच वर्षी एका व्याख्यानात मांडला होता. अशा ठिकाणी १९२८ साली हलकर्षणाचा पहिला उत्सव झाला आणि वृद्ध कवीने स्वतः नांगराला हात लावला. नंदलालांनी तो प्रसंग पुढे श्रीनिकेतनातील भिंतीवर रंगविला. आपल्याकडील पोळ्याला बैल सजतो, त्याचे हे बंगाली भावंड म्हणता येईल; मात्र हा सण परंपरेने आलेला नव्हता, तो विचारपूर्वक घडविलेला होता. १९३८ साली याच उत्सवात बोलताना रवींद्रनाथांनी माणसाच्या लोभामुळे अरण्ये नष्ट होत असल्याचा आणि त्यामुळे भूमी उघडी पडत असल्याचा विषय मांडला.

बांधकामातही हीच दृष्टी दिसते. १९३५ साली रवींद्रनाथांसाठी बांधलेले ‘श्यामली’ हे घर मातीचे; छतसुद्धा मातीचे. सुरेंद्रनाथ कर यांनी त्याची रचना केली आणि भिंतींवर कलाभवनाने उठावचित्रे घडविली. खेड्यातील माणसाला परवडेल असा नमुना तयार व्हावा, हा हेतू होता. रामकिंकर बैज यांनी १९३८ साली संथाळ कुटुंबाचे भव्य शिल्प उघड्यावर उभारले, ते सिमेंटमध्ये तेथीलच तांबडी खडी मिसळून. संगमरवर वा कांसे आणण्याइतका पैसा नव्हता, ही अडचण खरी. पण त्यामुळे शिल्पाला त्या मातीचा पोत आला.

फैजपूर

या प्रयोगाचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला तो डिसेंबर १९३६ मध्ये. काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, ते खानदेशातील फैजपूर येथे. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याची जबाबदारी उचलली आणि साने गुरुजींनी गावोगाव प्रचार केला. अधिवेशननगरीच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलालांना पाचारण केले. परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि तेथील कारागिरांच्या हातून सारे काही व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. बांबू, गवत, चटया यांतून कमानी व मंडप उभे राहिले. एरवी गंजीत जाणारे गवत आणि कुंपणाला लागणारा बांबू यांतून इतके देखणे काही होऊ शकते, हे हजारो शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले. आज ग्रामपंचायतीच्या कार्यक्रमास प्लास्टिकच्या पताका आणि फ्लेक्सचे फलक लागतात, तेव्हा फैजपूरची आठवण देणे अप्रस्तुत ठरणार नाही.

मर्यादा

शांतिनिकेतनाचे चित्र केवळ उजळ रंगात रंगविणे योग्य होणार नाही. १८९४ पासून भरणाऱ्या पौष मेळ्यातील कचरा व प्रदूषण यांचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. पर्यटन व बांधकामे यांच्या रेट्याने खोआईचा मूळ माळ बराच आक्रसला. २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनाचा समावेश जागतिक वारसा यादीत केला, त्यामुळे येणाऱ्यांची वर्दळ कमी होण्याची चिन्हे नाहीत. ज्यांनी ती भूमी निरखली, रंगविली, नांगरली, त्यांनी ती जपली. जे केवळ ती पाहून परतण्यासाठी आले, त्यांच्यावर त्या शिक्षणाचा परिणाम झाला नाही. हे स्वाभाविकच आहे. दुसऱ्याने काढलेले सुंदर चित्र पाहून जमिनीशी नाते जडते, असा दावा कोणी करू नये. चित्र स्वतः काढावे लागते.

आपल्या गावांत काय करता येईल

यासाठी नवी योजना वा स्वतंत्र निधी लागेल असे वाटत नाही. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले माझी वसुंधरा अभियान भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पाच तत्त्वांवर आधारलेले आहे. शांतिनिकेतनातील मुलांनी १९२८ साली हीच पाच रूपे घेतली होती. अभियानातील निकष अधिकाऱ्यांनी सांभाळावेत. त्यांना चेहरा देण्याचे काम शाळेतील मुले करू शकतात.

रांगोळीने जमिनीवर गावाचा नकाशा काढण्याची पद्धत पाणलोटाच्या कामामुळे अनेक गावांना परिचित आहे. नाला कोठून येतो, विहिरी कोठे आहेत, पडीक जमीन कोणती, हे बायाबापड्याही त्यात बिनचूक दाखवितात. काही वेळा तलाठ्याच्या नकाशात नसलेली पायवाटही दाखवितात. दुर्दैवाने कागदावर उतरवून घेतल्यावर तो नकाशा पुसला जातो आणि कागद कार्यालयात जातो. तोच नकाशा शाळेच्या भिंतीवर रंगविला तर? सध्या अनेक शाळांच्या भिंतींवर जिराफ, सिंह आणि हिमशिखरे असतात. त्यांना विरोध नाही, पण एक भिंत तरी शिवाराला द्यावी. शिवारफेरीत दिसलेले प्रत्येक मोठे झाड तिच्यावर त्याच्या जागी काढावे आणि गावात त्याला जे नाव असेल तेच लिहावे. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये गावाची लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. ती भरण्यासाठी बाहेरची माणसे आणावी लागतात, अशी स्थिती काही ठिकाणी आढळते. मुलांची रेखाटने आणि आजी-आजोबांनी सांगितलेली नावे यांची जोड मिळाली, तर ती नोंदवही गावाची स्वतःची होईल.

रोपांच्या बाबतीत पद्धत थोडी बदलावी लागेल. रोप हाती देण्यापूर्वी त्याच जातीचे वाढलेले झाड मुलाला शिवारात दाखवावे व त्याच्याकडून काढून घ्यावे. आपण लावीत असलेली काडी पुढे काय होणार, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. म्हणूनच रोपे परिसरातील जातींची असावीत. जे झाड गावात कोठेच नाही, ते मूल कसे पाहणार? संख्या कमी झाली तरी चालेल. वर्गातील प्रत्येकाला एक रोप आणि एक वही, एवढे पुरे. रोप लावताना त्याचे पहिले चित्र, दिवाळीनंतर दुसरे, होळीच्या सुमारास तिसरे. पान किती उंच गेले, कोणती फांदी वाळली, शेळीने कोठे तोंड लावले, हे सारे त्यात यावे. चित्र चांगले आले की नाही, याला गुण देऊ नयेत. कलाशिक्षक नसलेल्या शाळेतही हे होऊ शकते, कारण येथे शिक्षकाने शिकविण्यापेक्षा मुलासोबत झाडाशी जाऊन उभे राहावयाचे आहे.

अडचण येते ती उन्हाळ्यात. मे महिन्यात शाळा बंद, टँकरची वाट पाहणारे गाव आणि रोपांना सर्वांत अधिक गरज तेव्हाच. या दृष्टीने १ मे रोजी होणाऱ्या ग्रामसभेचा उपयोग करून घ्यावा. त्या सकाळी मुलांनी आपापल्या रोपाचे चौथे चित्र काढून आणावे आणि सर्व वह्या सभेसमोर मांडाव्यात. जे रोप वाळले असेल त्याचे वाळलेलेच चित्र असेल. ते लपवू नये आणि त्याबद्दल मुलाला बोलही लावू नये. उरलेल्यांना पाऊस पडेपर्यंत पाणी कोण घालणार, कोणत्या विहिरीचे आणि कोणत्या वारी, याचा ठराव सदस्यांनी त्या वह्या समोर ठेवूनच करावा आणि मुलांची नावे त्यांच्या झाडांसह इतिवृत्तात नोंदवावीत.